उवा कुणाकडून आल्या, ते सोडा

(अक्कांना विचारा : या अंकातली पत्रं)

प्रश्न : अक्का, सप्रेम नमस्कार. लिहू की नको करत महिना घालवला. आमचं एकत्र कुटुंब, कराडजवळ. घरात ११ माणसं : सासू-सासरे, थोरले दीर आणि जाऊबाई, त्यांच्या दोन मुली (१४ आणि १० वर्षांच्या), आम्ही दोघं, आमच्या दोन मुली (११ आणि ७) आणि चार वर्षांचा मुलगा. मी पतसंस्थेत नोकरीला आहे. सकाळी सातला शाळेची व्हॅन दारात उभी राहते, तोवर चार डोक्यांच्या आठ वेण्या व्हाव्या लागतात.

दिवाळीनंतर माझ्या थोरलीच्या केसांत उवा झाल्या. औषध आणून लावलं, गेल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा हजर. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. धाकटीलाही झाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला थोरली एका आजींच्या पाया पडायला वाकली आणि तिच्या भांगातून एक ऊ सावकाश चालत गेली. खोलीत पंधरा बायका. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्याच मुली आणतात शाळेतून. माझ्या मुलींना कधी नव्हत्या." तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. चौघी मुली आजवर सासूबाईंच्या खोलीत ओळीने झोपायच्या, आता माझ्या दोघींचं अंथरूण वेगळं केलंय. सासूबाई म्हणतात, रॉकेल चोळ. मिस्टर म्हणतात, बॉबकट करून टाक. मुलगी रडते. मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक

उत्तर : अगं, २७ वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. ६४ मुली, बहुतेकींच्या वेण्या कमरेपर्यंत. माझ्या हाताखालून उवा किती गेल्या त्याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असेल. तेव्हा तुझं पत्र वाचून मला किळसही आली नाही आणि दयाही. भांगातून चालत गेलेल्या उवेचं मात्र हसू आलं, तेवढं माफ कर. पाच वर्षांनी तूही हसशील.

आधी जाऊबाईंचं बघू, कारण तुझी खरी खाज तिथे आहे. उवा कुणी आणल्या, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. ऊ चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते, आणि त्या लाळेचं वावडं येऊन खाज सुटते. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर ही खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडेही लागतात. म्हणजे तुझी लेक दिवाळीनंतर डोकं खाजवायला लागली, तेव्हा पाहुणे मंडळी दसऱ्यापासून मुक्कामाला असणार. मधे शाळा झाली, सुट्टी झाली, घरी पाव्हणे आले, आत्याच्या मुलींबरोबर एका गादीवर दंगा झाला. यातून कुणाला पकडणार? आणि यातच दुसरी गोम आहे. जी खाजवत नाही तिच्या डोक्यात उवा नाहीत, असं म्हणता येत नाही. जाऊबाई खोटं बोलत नसतील. त्यांनी बघितलं नसेल, एवढंच.

चार मुली एका ओळीत, उशीला उशी लावून झोपतात, आणि उवा त्यातल्या दोघींनाच? मला नाही पटत. उवेला पंख नाहीत, तिला उडी मारता येत नाही. ती केसावरून केसावर चालत जाते, म्हणून तिला डोक्याला डोकं लागावं लागतं. आमच्या वसतिगृहात चिंचोक्यांच्या डावाभोवती डोकी जुळायची, आता एका मोबाइलभोवती जुळतात. तुमच्या घरी चौघी एकच रील बघत असतील ना? झालं तर मग.

आता तू काय करायचं ते सांगते, आणि हे औषधाच्या आधी करायचं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की फणी घे, ओसरीवर जाऊबाईंच्या पुढ्यात जाऊन पाटावर बस आणि म्हण, "वहिनी, माझं डोकं जरा बघता का? मलापण झाल्यात असं वाटतंय." बस्स. त्यांच्या मुलींचं नावही काढू नको. मुलींची डोकी रोज हाताळणाऱ्या बाईच्या केसांत उवा असणं नवलाचं नाही, त्यामुळे हे नाटकही नव्हे. बायकांची भांडणं बोलून मिटत नाहीत इतकी डोकं मांडीवर दिल्याने मिटतात, हे मी वसतिगृहात शंभरदा पाहिलंय. तुझ्या केसांत त्यांची बोटं फिरायला लागली की पाचव्या मिनिटाला त्या काहीतरी बोलतील. दहाव्या मिनिटाला, "आता माझंपण बघ" म्हणतील. आणि मग चारही मुलींना हाक जाईल.

कारण खरी गोष्ट ही आहे, की घरातली सगळी डोकी एकाच दिवशी तपासल्याशिवाय उवा जात नाहीत. सासूबाईंचा अंबाडासुद्धा सोडायचा, नातींमध्ये झोपतात त्या. मिस्टर आणि दीर यांचंही दोन मिनिटं बघायचं, मुलग्याचंही. नाहीतर तू दोन डोकी साफ करणार आणि तिसऱ्या डोक्यातून माल परत येणार.

फणीबद्दल थोडं लांबण लावते, कारण लोक इथेच चुकतात. दुकानात औषधाच्या खोक्यात प्लास्टिकची फणी मिळते, तिचे दात बहुधा विरळ असतात. तिने केस सरळ होतात, उवा तिथेच. एक तर आपली जुनी लाकडी फणी घे किंवा लांब दातांची स्टीलची मिळते ती घे. दोन दातांमधून शिवणाचा दोरा ओढून बघ, तो अडकत अडकत गेला पाहिजे. सहज गेला तर परत कर. माझा भाचा इतिहासाचा प्राध्यापक आहे, त्याने मला एकदा एक फोटो पाठवला होता. इस्रायलमधल्या लाखीश इथे २०१६ साली उत्खननात हस्तिदंती फणी सापडली, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. एका बाजूला गुंता काढायचे सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी चौदा बारीक. अगदी आपल्या दुहेरी फणीसारखी! तिच्यावर बारीक अक्षरं कोरलेली आहेत हे पुढे लक्षात आलं, आणि २०२२ मध्ये ती वाचून झाली. सात शब्द. अर्थ असा, की या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा समूळ जावोत. वर्णमालेत लिहिलेलं आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य हेच म्हणतात. दातांना चिकटलेले उवेच्या पिल्लाचे अवशेषही सापडले. हस्तिदंती फणी कुण्या ऐपतदार घरातलीच असणार. पुन्हा कुणी "आमच्यासारख्यांच्या घरी उवा नसतात" म्हटलं तर तिला हे सांग.

आता हात कसा चालवायचा. केस आधी शांपूने धुवायचे, मग भरपूर कंडिशनर चोपडायचा आणि तो तसाच ठेवायचा. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल, पण चांगलं निथळेल इतकं. कोरड्या केसांत ऊ फणीला चुकवून पळते, ओल्या निसरड्या केसांत ती जागीच थबकते. साध्या कंगव्याने गुंता काढ. केसांचे चार भाग करून तीन चिमट्यांत धर, एक मोकळा सोड. खांद्यावर पांढरं फडकं टाक, जुन्या धोतराचा तुकडा असेल तर उत्तम. उजेडाकडे मुलीची पाठ कर. फणी अगदी कातडीला टेकव, मुळापासून थेट टोकापर्यंत एका दमात ओढ आणि प्रत्येक ओढीनंतर फडक्याला पूस. पुसल्यावर त्यात तिळाएवढं करडं काही हललं, तर ती ऊ. कानामागे आणि मानेवरच्या केसांच्या काठाला सगळ्यात जास्त सापडतात, तिथे ऊब असते. दाट लांब केसांना अर्धा तास धर, घाई करू नको. हाती लागलेल्या उवा साबणाच्या गरम पाण्याच्या मगात टाकायच्या. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना हे कधीच पटलं नाही. त्या अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखाने दाबायच्या, आणि 'चट्' ऐकू आल्याशिवाय ती मेली असं मानायला तयार नसायच्या. तुझ्या सासूबाईही त्यातल्याच असतील. असू देत, तेवढा आनंद त्यांना घेऊ दे.

लिखांचं वेगळं आहे. लीख म्हणजे अंडं, केसाला गोंदाने चिकटवलेलं. कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख नखाने ओढत टोकापर्यंत न्यावी लागते. कातडीजवळची, तपकिरी झाक असलेली लीख जिवंत समजायची. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासून बोटभर लांब दिसणारी पांढरी चमकती लीख म्हणजे फुटून गेलेलं रिकामं टरफल. ती बघून घाबरून पुन्हा औषध आणणाऱ्या कितीतरी आया मी पाहिल्यात. चालती ऊ दिसली तरच उवा आहेत असं धर.

आणि तुझ्या घरी उवा पुन्हा पुन्हा का उगवतात, त्याचं अर्धं उत्तर या लिखांतच आहे. उवेची मादी रोज सहा ते दहा अंडी घालते. ती ७ ते १० दिवसांत फुटतात, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागायला आणखी ९ ते १२ दिवस जातात. औषधाने चालत्या उवा मरतात, सगळी अंडी मरत नाहीत. तू पहिला हात दिलास, डोकं स्वच्छ दिसलं आणि बाटली कपाटात गेली. दुसरा हात दिलास तो तीन आठवड्यांनी, उवा पुन्हा डोळ्यांना दिसल्यावर. तो नवव्या दिवशी द्यायला हवा होता, डोक्यात काही दिसत नसताना.

म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर घे आणि पाच तारखांना गोल कर : पहिला, पाचवा, नववा, तेरावा आणि सतरावा दिवस. रविवारी सुरू केलंस तर पुढे गुरुवार, सोमवार, शुक्रवार आणि मग मंगळवार येतो. यातल्या पहिल्या चार तारखांना फणी फिरवायची, सतराव्या दिवशी फक्त खात्री करायची. मधल्या काळात जी पिल्लं अंड्यांतून बाहेर येतील, ती वयात येण्याआधी फणीत सापडतात. शेवटच्या तपासणीत एकही हलती ऊ नसेल तर सुटलीस. सापडली तर पुन्हा एकपासून. हे सकाळी करायला जाऊ नको, सातच्या व्हॅनआधी कुणाचा बापही ते करू शकणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर, एक मुलगी तुझ्याकडे, एक जाऊबाईंकडे. दोघींच्या दोन फण्या असू देत.

औषध वापरू नको असं मी म्हणत नाही. ज्यांच्या डोक्यात चालती ऊ सापडली, त्या सगळ्यांना एकाच दिवशी लाव. दुकानात १ टक्का परमेथ्रिनचं लोशन माग आणि खोक्यावरचा आकडा स्वतः वाच. आमच्या वेळी एकदा दुकानदाराने ५ टक्क्यांचं मलम बांधून दिलं होतं. ते खरजेचं, डोक्याचं नव्हे. तेलकट डोक्यावर औषध चढत नाही, आणि आधी कंडिशनर लावला असेल तर औषधाचा जोर कमी होतो. म्हणून साध्या शांपूने केस धू, टॉवेलने टिप, ओलसर असताना औषध चोळ, १० मिनिटं घड्याळ लावून थांब आणि साध्या पाण्याने धुऊन टाक. डोळ्यांवर टॉवेलची घडी दाबून धरायला लाव आणि डोकं बेसिनवर पुढे वाकवूनच धू, म्हणजे औषध अंगभर ओघळत नाही. त्यानंतर एक-दोन दिवस न्हायचं नाही. फणीसाठी तेवढे केस ओले करून तेल लाव. नवव्या दिवशी दुसरा हात, डोकं कितीही स्वच्छ दिसलं तरी. घरात कुणाला दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन हात देऊनही उवा चालताना दिसल्या तर तिसरा हात मारू नको. काही उवा या औषधाला दाद देत नाहीत. डॉक्टर दुसरं काही देतील, पोटात घ्यायच्या गोळ्याही असतात, पण त्या मुलाच्या वजनावर ठरतात. शेजारणीकडून उसन्या आणायच्या नाहीत. खाजवून खाजवून फोड आले असतील, पू दिसत असेल, मानेमागे गाठी हाताला लागत असतील, तर वाट न बघता दवाखाना गाठ. आणि उवा गेल्यावरही आठवडा-दोन आठवडे खाज राहू शकते, तेव्हा मुलीवर उगीच ओरडू नको.

आता सासूबाईंचं रॉकेल. त्यांचा राग धरू नको, त्यांच्या काळी तेच होतं. माझ्या आजीने मला सातव्या वर्षी डोक्याला रॉकेल लावून वर फडकं बांधलं होतं. सकाळी कानामागची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली. आई चुलीपुढे बसू देईना, कारण एक ठिणगी पुरली असती. आणि त्या महिनाअखेरीला उवा परत आल्या त्या आल्याच. सासूबाईंना हे माझ्या नावाने वाचून दाखव. रॉकेल, पेट्रोल, झुरळांचा फवारा, गोचिडांचं औषध, यातलं काहीही लेकराच्या डोक्यावर नको.

कुणीतरी सीताफळाच्या बियांची पूडही सुचवेल. आपल्याकडे ती फार जुनी आहे, उवांना ती मारतेही, यात खोटं नाही. पण माझ्या वसतिगृहात आठवीतल्या एका मुलीने घरून पुडी आणली आणि रात्री चोरून चोळली. झोपेत डोळ्यांत गेली. पहाटे तिच्या किंकाळीने मी उठले, दोन्ही डोळे टोमॅटोसारखे लाल, उघडता येईनात. तासभर पाणी मारलं आणि पहिल्या एसटीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बुब्बुळावर जखम झाली होती, नीट व्हायला दहा दिवस लागले. नशिबाने नजर वाचली. त्या दिवसापासून वसतिगृहात सीताफळाची बी दिसली की मी मोजून कचऱ्यात टाकायची. कापराचं तेलही जपून. लहान मुलाच्या पोटात थोडा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात, आणि तुझ्या घरात चार वर्षांचं पोर आहे.

मिस्टरांचा बॉबकट. यावर मला गप्प बसवत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सातवीतल्या एका मुलीचे केस कापले. मुली वाढलेल्या, हात एकच, उवा संपेनात. मला वाटलं, सोपं होईल. तिने विरोध केला नाही. स्टुलावर बसून राहिली, केस जमिनीवर पडत होते तिकडे बघत. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली तेव्हा दारातच तिच्या आजीने हंबरडा फोडला, "कोण गेलं गं? केस का काढले?" गावात बायकांचे केस तेव्हा एकाच कारणाने उतरत, निदान त्या आजीच्या डोक्यात तरी तेच होतं. मुलगी सुट्टी संपवून आली, माझ्याशी शिस्तीत बोलत राहिली, पण दहावी होऊन जाईपर्यंत तिने माझ्याकडून कधी वेणी घालून घेतली नाही. स्वतःची स्वतः घालायची, वाकडी. आणि गंमत अशी, की आखूड केसांतही उवा होत्याच, अंडी मुळापाशीच असतात ना! तुझी लेक ११ वर्षांची आहे. तिला स्वतःला आखूड हवे असतील तर खुशाल काप, फणी फिरवायला सोपं जाईल. पण रडत असताना नाही. शिक्षा म्हणून तर नाहीच. तोवर दोन घट्ट वेण्या वर बांधून पाठव, सुटे केस इतरांना लागत नाहीत.

घर धुवायचं म्हणशील तर फार नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. पहिल्या दिवशी सगळ्यांचे उशांचे अभ्रे, टॉवेल, ओढण्या कढत पाण्यात भिजवून उन्हात टाक. कंगवे, फण्या आणि रिबिनी कढत पाण्यात दहा मिनिटं. गाद्या फोडायच्या नाहीत, सोफ्यावर फवारे मारायचे नाहीत. कुत्र्या-मांजरांचा काही संबंध नाही, त्यांच्या उवा वेगळ्या. एवढं झालं की चौघींची अंथरुणं पुन्हा सासूबाईंच्या खोलीत एका ओळीत घाल. मुलींना वेगळं झोपवल्याने उवा गेल्या नाहीत, हे तू दोन महिने बघतेच आहेस.

रविवारी काय झालं ते मला कळव. जाऊबाईंनाही माझा नमस्कार सांग.

*

प्रश्न : अक्का, माझी मुलगी दुसरीत आहे. बाईंना तिच्या केसांत लीख दिसली म्हणून तिला वर्गातून उठवून घरी पाठवलं आणि "पूर्ण साफ झाल्याशिवाय आणू नका" असा निरोप दिला. आता तिला शाळेत जायचंच नाही.
— एक आई, सोलापूर

उत्तर : मी स्वतः शाळांच्या बाजूची बाई, पण इथे तुमच्या लेकीच्या बाजूने बोलते. लीख दिसणं म्हणजे उवा असणं नव्हे, रिकामं टरफल महिनोन्‌महिने केसाला चिकटून राहतं. आणि उवा असल्या तरी त्या आल्यात आठवड्यांपूर्वी. आज दुपारी घरी पाठवून काय वाचलं? डोक्यातल्या उवांमुळे कुठला रोग पसरत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही उवा-लिखांपायी निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नका, असं स्पष्ट म्हटलंय. त्या रात्री उपचार सुरू करायचे, दुसऱ्या दिवशी मूल वर्गात.

तुम्ही बाईंना एकांतात भेटा, भांडायला नको. त्यांना म्हणा, उपचार सुरू केलाय, आणि वर्गातल्या सगळ्याच पालकांना नावं न घेता चिठ्ठी पाठवा, एकाच रविवारी डोकी तपासा म्हणून. चाळीस मुलांच्या वर्गात एकीलाच उवा झाल्यात, हे बाईंना स्वतःलाही खरं वाटत नसेल. लेकीला शाळेत सोडायला पहिले दोन दिवस तुम्हीच जा, तिचा हात धरून, दोन वेण्या छान घालून. तिच्या आवडीची रिबीन लावा. कुणी चिडवलं तर काय बोलायचं ते घरीच पाठ करून घ्या. माझ्या मुली म्हणायच्या, "होत्या, मारल्या. तुझं डोकं बघू?" समोरची पळून जायची.

*

प्रश्न : माझं वय ७४. डोक्यावर चार केस, तेही कानांपाशी. घरात नातींना उवा झाल्यात म्हणून सून मला रोज औषध लावायला सांगते. मला होऊ शकतात का?
— एक आजोबा, पुणे

उत्तर : उवेला धरायला केस लागतो, आजोबा. तुमच्या मैदानावर तिचा निभाव लागायचा नाही. कानांमागचे चार केस सुनेला एकदा बघू द्या, चालती ऊ दिसली नाही तर औषध नको. उगीच लावायचं औषध नव्हे ते, आणि नातींनासुद्धा ते रोज नको, हे सुनेला वाचून दाखवा. तुमच्यासाठी दुसरं काम आहे. रात्री सून नातींच्या केसांतून फणी फिरवायला बसेल तेव्हा ट्यूबलाइटचा उजेड पुरत नाही. खुर्ची घेऊन शेजारी बसा आणि बॅटरी धरा. ती सांगेल तिथेच धरा, आणि हात हलवू नका.